धूळ आत गेली, पण आत राहिली का?

आमच्या धाकट्याला चौथ्या वर्षापासून बाळदमा. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, ‘कोरडा झाडू शक्यतो मारू नका, आणि गाद्या, पडदे, सोफा यांतली धूळ काढत जा.’ त्यात शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम चालू. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पायाला खरखरायची. म्हणून दिवाळीच्या तोंडावर उभा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं. दुकानात ज्या खोक्यावर वॉटचा आकडा सगळ्यात मोठा, तोच आम्ही उचलला. चुकलो ते तिथेच.

डबा रोज भरायचा, बरं वाटायचं. पण मुलाचा रात्रीचा खोकला काही हटेना, उलट वाढला. एका रविवारी सकाळी हॉलमध्ये उन्हाची तिरीप आली होती. यंत्र चालू होतं. त्या तिरिपीत यंत्राच्या मागच्या जाळीतून बारीक धूळ भुरभुरत बाहेर पडताना मला दिसली. पांढरा रुमाल तिथे धरला, तर थोड्याच वेळात त्यावर राखाडी पुट चढलं. फरशीवर गप बसलेली धूळ मीच उचलून लेकराच्या नाकाशी नेत होते. तो रुमाल मी अजून जपून ठेवलाय.

उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचा जन्मही दम्यातूनच झाला, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हा गृहस्थ एका दुकानात झाडलोट करायचा. धुळीनं त्याचा दमा उसळायचा. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर कुटुंबाच्या कारखान्यातून घरोघरी गेलं. म्हणजे धूळ ओढायची आणि कोंडून ठेवायची, ही दोन्ही कामं पहिल्यापासून याच यंत्राची.

म्हणून खरेदीला जाल तेव्हा वॉटवर जाऊ नका. यंत्र वीज किती खातं, एवढंच त्यातून कळतं. ओढ किती आहे, ते किलोपास्कल किंवा एअर वॉटमध्ये विचारा. मग फिल्टर बघा. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर त्या फिल्टरचा उपयोग नाही. आतला सगळा हवेचा मार्ग सीलबंद आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या.

आपल्या घरात गालिचे कमी, फरशी जास्त. ताठ केसांचा फिरता ब्रश फरशीवरची रेती उचलण्याऐवजी उडवतो. तेव्हा मऊ रोलर हवा, नाहीतर ब्रश बंद करायची सोय तरी हवी. दांड्यापासून सुटून हातात येणारं यंत्र असेल तर गादी, जिना, माळा, सरकत्या खिडकीची खाच, सगळीकडे चालतं. गादीचं तोंड वेगळं मिळतं का तेही बघा, कारण धुळीतले सूक्ष्म किडे गादी-उशीत सर्वांत जास्त असतात. दांडा आडवा करून दिवाणाखाली जातो का, हात वर करून दोन मिनिटं धरवतो का, हे दुकानातच करून पाहा. बॅटरीचं यंत्र असेल तर खोक्यावरची मिनिटं बहुधा सर्वांत कमी वेगाची असतात. पूर्ण वेगाला किती वेळ चालतं, ते विचारा.

घरी आणल्यावर पथ्यंही पाळा. धुता येणारा फिल्टर धुतलात तर निदान चोवीस तास वाळू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. एक जादा फिल्टर घरात असावा. साध्या यंत्रानं पाणी किंवा प्लॅस्टरची भुकटी ओढू नका, मोटर जाते. डबा घराबाहेर रिकामा करा आणि सफाई चालू असताना दमेकरी माणसाला त्या खोलीत थांबू देऊ नका.

दुसरं यंत्र घेताना मी दुकानात तोच रुमाल काढला आणि त्याची कोरी बाजू जाळीपुढे धरली. पाच मिनिटांनी ती पांढरीच होती. मुलाचं औषध चालूच आहे, ते यंत्रानं सुटत नाही. पण आता त्याची गादी साफ करताना जीव धास्तावत नाही. तुम्हीही खरेदीला निघताना एक पांढरा रुमाल आठवणीनं बरोबर घ्या.