झडपांवरील झाकणाची तेलगळती

जुन्या मोटारगाडीचे बॉनेट उघडताच जळक्या तेलाचा वास यावा आणि एंजिनाच्या कुशीवर काळसर, चिकट ओघळ दिसावेत, हा अनुभव अशा गाड्यांच्या मालकांना नवा नाही. बहुतेक जण चार थेंब गेले म्हणून वरून थोडे तेल ओततात व बॉनेट मिटतात. परंतु हे थेंब पडतात कोठे, हे एकदा पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडर ही गाडी घेऊ. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे 2014 पर्यंत ती तयार होत असे. तिच्या 1489 घन सेंटिमीटरच्या जुन्या पेट्रोल एंजिनात झडपा सिलिंडरांच्या माथ्यावर असतात आणि त्यांना दाबणारे रॉकर पत्र्याच्या एका लांबट झाकणाखाली हालत असतात. झाकण व माथा यांच्यामध्ये बुचाची पट्टी बसविलेली असते. इंग्रजी ग्रंथांतील ‘गॅस्केट’ या शब्दासाठी आम्ही पुष्कळ कोश चाळले. शेवटी कारखान्यांतील मिस्त्री ज्याला ‘पॅकिंग’ म्हणतात तोच शब्द आम्हांला सर्वांत सोयीचा वाटला. या झाकणालाही ते ‘टॅपेट कव्हर’ म्हणतात. चालकाच्या आसनावरून पाहता या एंजिनाच्या डाव्या बाजूस धूर बाहेर नेणारा ओतीव नळ व त्याच्या वरच्या अंगास कार्बुरेटर असतो; उजव्या बाजूस स्पार्क प्लग असतात. पॅकिंग उजवीकडे फुटले तर प्लगांभोवती तेल साचते, एवढ्यावर भागते. डावीकडे फुटले तर तेल थेट तापलेल्या नळावर पडते. एंजिनाच्या तेलाची वाफ पेटण्याजोगी होण्यास 200 अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते. चढावर ओझे ओढणाऱ्या गाडीचा नळ त्याहून पुष्कळ तापतो. धुराची तक्रार मग केवळ वासापुरती राहत नाही.

आता एक कोडे पाहू. झाकणाखालील तेलाला पंपाचा दाब नसतो. रॉकरांना न्हाऊ घालून ते आपल्या वजनानेच खाली उतरते. म्हणजे पॅकिंगचे काम हलके आहे. मग ते हरते का? याचे उत्तर बुचाच्या रचनेत आहे. 1665 साली रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे असंख्य कप्पे पाहिले. हे कप्पे हवेने भरलेले असतात. रबर दाबले की बाजूंना फुगते. बूच दाबले असता कप्प्यांच्या भिंती आतल्या आत दुमडतात, बूच बाजूंना जवळजवळ पसरत नाही आणि दाब किंचित कमी झाला की ते पुन्हा वर उठते. झाकणाची कड व माथा यांमधील बारीक उंचसखलपणा या उठावामुळेच भरून निघतो. वर्षानुवर्षे उष्णता सोसून बूच कडक झाले की हा उठाव संपतो.

येथेच नेहमीची चूक होते. गळती दिसली की पाना घेऊन नट आवळण्याकडे हात वळतो. झाकण मधल्या दोन नटांवरच धरलेले असते. ते आवळले की पत्र्याचा माथा खाली दबतो, कडा वाकड्या होतात आणि फट उलट वाढते. या जातीच्या एंजिनांसाठी नटांची आवळणी अवघी 4 फूट-पौंड ठरविली आहे. अर्धा फूट लांबीच्या पान्याच्या टोकाशी ती 8 पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेतीन किलोग्रॅमचा जोर होतो. मनगटाने तेवढा जोर सहज लावता येतो. खांद्याची गरज नाही.

पॅकिंग बदलण्यापूर्वी एंजिन थंड होऊ द्यावे व बाहेरून पुसून स्वच्छ करावे. नंतर थोडे चालवून सर्वांत वरची ओली जागा शोधावी, कारण तेल खाली ओघळते आणि खालच्या डागावरून उगम कळत नाही. याच एंजिनाच्या डाव्या कुशीत, नळाच्या खाली, आणखी दोन लहान झाकणे असतात. पुष्कळदा दोष त्यांचा असतो आणि शिक्षा वरच्या पॅकिंगला होते.

झाकण काढल्यावर जुने बूच लाकडी पट्टीने खरवडावे. तुकडे आत पडू नयेत म्हणून उघड्या भागावर फडके पसरावे. झाकण आरशाच्या काचेवर उपडे ठेवून पाहावे. कडेखालून उजेड दिसला तर लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हातोडीने ती सरळ करावी. या कामात घाई केलेली आम्ही वारंवार पाहिली आहे, आणि नवे पॅकिंग आठवडाभरात गळू लागण्याचे कारणही बहुधा हेच असते. दुकानात फार दिवस पडलेले बूच वाळून आखूड झालेले असते. ते काही वेळ पाण्यात भिजवून पुसून घेतले की मापावर येते. डिंकासारखे चिकटद्रव्य केवळ झाकणाच्या बाजूस, पातळ लावावे. माथ्याची बाजू कोरडी राहू द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट जुळविण्यासाठी झाकण पॅकिंगसकट उचलता येते. हल्ली मिळणारा सिलिकोनचा लगदा सढळ हाताने लावण्याचा मोह टाळावा. आत निघालेले त्याचे तंतू तेलात पडून पंपाच्या जाळीपर्यंत पोचतात. नटांखालील रबरी वॉशरही त्याच वेळी बदलावेत. तेल तेथूनही झिरपते.

एवढे करूनही गळती थांबली नाही, तर झाकणापासून हवेच्या गाळणीकडे जाणारी रबरी नळी काढून पाहावी. जीर्ण पिस्टन-कड्यांजवळून निसटणारा वायू एंजिनाच्या पोटात उतरतो आणि त्यास बाहेर पडण्याची ही वाट असते. ती काजळीने बुजली की वायू आत कोंडतो व तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. अशा वेळी तीन पॅकिंगे बदलूनही उपयोग होत नाही. नळी केरोसीनने धुऊन, वाळवून पुन्हा बसवावी. नवे पॅकिंग बसविल्यावर दोनतीन दिवसांनी, एंजिन थंड असताना, नट एकदाच तपासावेत. बूच थोडे बसते, म्हणून ते किंचित सैल लागतील. तेवढेच आवळून पाना ठेवून द्यावा.