डाग दुखत नाही

विद्यार्थ्यांनो, बदलापूर किंवा अंबरनाथहून लोकलने कल्याणकडे जाताना एखाद्या माणसाच्या हातावर, ओठांभोवती पांढरे डाग तुम्ही पाहिले असतील. या विकाराला मराठीत ‘कोड’ आणि उर्दूत ‘बरस’ म्हणतात. उर्दूतला ‘कोढ’ हा शब्द कानाला तसाच वाटतो, पण तो निराळा रोग. त्याला मराठीत कुष्ठरोग म्हणतात. कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते. कोडाच्या डागाला मात्र स्पर्श नीट कळतो.

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. रोगांशी लढणारी शरीराची यंत्रणा कधी कधी या पेशींवरच हल्ला करते. पेशी नष्ट होतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. कोड शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. माशांवर दूध प्यायल्याने ते होते, या समजुतीलाही आधार नाही.

मग त्रास कसला? 1994 साली ब्रिटनमधील कार्डिफ येथे फिनले आणि खान या दोघांनी त्वचेच्या रुग्णांसाठी 10 प्रश्नांची यादी तयार केली. प्रश्न गेल्या आठवड्याविषयी असतात. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज जितकी मोठी, तितका त्रास अधिक. पहिला प्रश्न खाज आणि वेदना यांचा आहे. कोड असलेला रुग्ण तेथे बहुधा शून्यच लिहील. गुण वाढतात ते पुढे.

समजा, उल्हासनगरातील एका मुलीच्या हातांवर कोड आहे. भर मे महिन्यात गजानन मार्केटमध्ये आई तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचेच कपडे शोधते. दुकानदार सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता फळीवर ठेवतो. खो-खोत तिला खो द्यायला मैत्रिणी कचरतात. वर्गाचा फोटो काढताना ती आपणहून मागे उभी राहते. लग्नघरी एखादी खाला भर मंडळीत विचारते, “अगं, हे अजून गेलं नाही?” यादीतले कपडे, बाजार, खेळ, शाळा, नातलग असे बहुतेक प्रश्न एका आठवड्यात आले. मला वाटते, एक प्रश्न त्या दुकानदारालाही विचारायला हवा होता.

दहावा प्रश्न उपचारांचा. मलमे आहेत, प्रकाशोपचार आहे. काहींचा रंग परततो, काहींचा नाही. प्रकाशोपचारासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक महिने दवाखान्यात जावे लागते. तेवढे शाळेचे तास बुडतात.

पुण्यातील डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. कोड असलेल्यांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था काढली. याच विषयावर 2006 साली ‘नितळ’ हा मराठी चित्रपट आला. त्यातील नायिका डोळ्यांची डॉक्टर आहे. तिच्या चेहऱ्यावर कोड आहे. ती मित्राच्या घरी पाहुणी म्हणून जाते, आणि त्या मोठ्या कुटुंबातील प्रत्येक जण तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.