सही करण्याआधी

कलमझू, मिशिगन

चि. मुक्ता,


तुझा निरोप ऐकला. ट्रेलर तिसऱ्यांदा डीलरकडून ‘दुरुस्त’ होऊन आला आणि डॅलसच्या पहिल्याच मोठ्या पावसात पलंगाच्या उशालगतची भिंत पुन्हा ओली. उद्या जाऊन त्या सर्व्हिसवाल्याची खरडपट्टी काढणार आहेस म्हणालीस. काढ बापडी, पण आधी हे वाच. तू किती जोरात ओरडलीस हे त्यांच्या कुठल्याच कागदावर चढत नाही, आणि उद्या प्रकरण कंपनीकडे किंवा सरकारदरबारी गेलं तर तिथे विचारतील तो कागदच.

त्या माणसाची अडचण काय आहे ते आधी सांगते. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला ट्रेलर बनवणारी कंपनी देते, आणि हात आखडून देते. अमुक कामाला इतके तास, आधीच ठरलेलं. आता गळतीचं बघ. खिडकीची चौकट काढून पुन्हा बसवायला फार वेळ लागत नाही, पण पाणी नेमकं कुठून शिरतं हे शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते. त्या शोधाशोधीचे पैसे हवे असतील तर डीलरने फोटो पाठवायचे, मंजुरीची वाट बघायची, वर हुज्जत घालायची. मग मेकॅनिक काय करणार? ओल दिसते तिच्या जवळच्या फटीवर सीलंटची नळी फिरवणार आणि पुढच्या गाडीकडे वळणार. शिवाय त्याच आवारात रोख पैसे मोजणारं गिऱ्हाईक उभं असतं. ऐन उन्हाळ्यात वॉरंटीचे ट्रेलर कोपऱ्यात आठवडेच्या आठवडे पडून राहतात ते उगाच नाही. ही थुकपट्टी खपवून घे असं मी म्हणत नाही. पण ती का होते हे कळलं की काय मागायचं तेही कळतं. ‘गळती बंद करा’ एवढंच म्हणू नकोस. ‘गळती शोधा, आणि कशी शोधलीत ते लिहून द्या’ असं म्हण.

माझी सगळी नोकरी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली हे तुला ठाऊक आहे. एल्कहार्ट आमच्यापासून गाडीने तासाभरावर. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर आणि मोटरहोम इंडियानातल्या त्या एका परिसरात जुळतात. तिथल्या अनेक कारखान्यांत मजुरी नगावर ठरते. जितके ट्रेलर दाराबाहेर पडतील तितके पैसे, आणि दिवसाचे नग पुरे झाले की घरी. काम सगळं हाताचं: लाकूड, स्टेपल, गोंद, सीलंट. करोनाच्या काळात जो तो ट्रेलर घ्यायला धावला आणि २०२१ साली या उद्योगाने सहा लाखांवर गाड्या बाहेर पाठवल्या. २०२३ मध्ये तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. मागणी उतरली, घाईची सवय मात्र उतरली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तुझ्या दाराजवळ आरव्हीआयए या उद्योग-संघटनेचा स्टिकर असेल, त्याच्यावर फार विसंबू नकोस. वीज, गॅस, नळजोडणी आणि आग यांच्या सुरक्षेच्या मानकांशी त्याचा संबंध. चौकट सरळ बसली का, सीलंट सलग लागलं का, हे तो सांगत नाही.

आता कामाचं. ट्रेलर परत घेताना किल्ली हातात आली, सही केली, निघालो, असं करायचं नाही. तुम्हा दोघांचा स्वभाव मला माहीत आहे. समोर माणूस उभा असताना त्याचं काम वाकून तपासायचं म्हणजे तुम्हाला अपमान केल्यासारखं वाटतं. मी जन्मभर तेच केलं, कुणी मेलं नाही. तासभर हाताशी ठेवून जा, शक्यतो उन्हं कलताना. तिरप्या उजेडात बाहेरच्या भिंतीवरून नजर लांबवर टाक. तुमची भिंत म्हणजे बाहेरून फायबरग्लासचा पत्रा, त्यामागे पातळ प्लायवूड, मग फोम आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा, सगळं गोंदाने चिकटवलेलं. आत पाणी मुरलं की गोंद सुटतो आणि पत्र्याला फोड येतो. भर दुपारच्या सपाट उजेडात जो दिसणार नाही, तो कलत्या उन्हात पापडासारखा फुगलेला दिसेल. तिथे अंगठ्याने दाब. दबलं तर आतलं प्लायवूड कुजायला लागलंय, आणि ते सीलंटने भागणारं काम नाही. अख्खी भिंत काढावी लागते. म्हणूनच कंपन्या या एका दोषाचं नाव काढलं की चालढकल करतात.

मग दुरुस्ती केलेली जागा जवळून बघ. तू पाठवलेल्या फोटोत खिडकीच्या वरच्या कडेला चकचकीत पांढरी रेघ दिसते, मधेच बोटाने पसरलेली, तिच्याखालून जुनं पिवळट सीलंट डोकावतंय आणि एका स्क्रूच्या डोक्याला गंज आहे. हे काम झालंच नाही. नीट करायचं तर चौकट सोडवायची, जुनं सगळं खरवडायचं, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा, चौकटीच्या पट्टीखाली ब्यूटिल टेप घालायची आणि मग कडेने नवं सीलंट. त्यातून ती चकचकीत रेघ घरगुती सिलिकॉनची असेल तर दुप्पट नुकसान, कारण सिलिकॉनवर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. ओल्या भिंतीवर रंगाचा हात मारून घर विकावं, तसला हा प्रकार.

गळती शोधायची एक सरळ रीत आहे, आणि बऱ्याच डीलरांकडे ते यंत्र असतं. छताच्या झडपेत पंखा बसवून ट्रेलरच्या आत हवेचा हलका दाब करतात आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे उठतात. जिथून हवा बाहेर, तिथून पाणी आत. ओल पलंगापाशी आणि बुडबुडे पार छताच्या पुढच्या कोपऱ्यातल्या दिव्यापाशी, असं पुष्कळदा निघतं, कारण पाणी सांगाड्यातून लांब वाहत येतं. ही चाचणी नावानिशी माग. नाही म्हणाले तर ‘नाही’ असं कागदावर लिहून माग.

आणि तो कागद म्हणजे रिपेअर ऑर्डर. त्यात तीन गोष्टी असतात: गिऱ्हाइकाची तक्रार, सापडलेलं कारण, केलेलं काम. तक्रारीच्या रकान्यात निदान करायला जाऊ नकोस. मागच्या वेळी तू ‘खिडकीचं सील गळतं’ असं लिहवलंस. त्यांनी खिडकीला सिलिकॉन फासलं, ‘काम पूर्ण’ लिहिलं आणि कागदावर ते खरे ठरले. पाणी दुसरीकडून येत होतं ही गोष्ट त्यात कुठेच नाही. लक्षण लिही: ‘पाऊस पडला की पलंगाच्या उशाकडची डावी भिंत खालून ओली होते. याच तक्रारीसाठी आधी तीन वेळा गाडी आणली होती, त्या तारखा अशा.’ तुझे शब्द काउंटरवरच्या बाईने तिच्या भाषेत आटपले असतील तर सहीआधी बदलून घे. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख कागदावर हवीच. ‘दोष आढळला नाही’ म्हणून गाडी परत दिली तरी त्या फेरीचा कागद सोडायचा नाही, तोच पुढे कामाला येतो. ‘तसंच बघून दिलं, ऑर्डर काढली नाही’ असं गोड बोलून कुणी सांगितलं तर त्याला कळू दे की तुला कागद हवाय.

सगळंच मात्र त्यांच्याकडे नेत बसू नकोस. कपाटाची सैल बिजागरी, सुटलेली पट्टी, न लागणारा ड्रॉवर, हे घरी एका संध्याकाळी होतं. त्यासाठी ट्रेलर महिनाभर त्यांच्या आवारात उभा राहिला तर सुट्टी गेलीच, शिवाय तिथेच नवा ओरखडा पडतो. पाणी, गॅस, ब्रेक, चासी, विजेची मुख्य जोडणी, यांत तडजोड नाही. फ्रिज, एसी, पाण्याचा हीटर यांची वॉरंटी बहुधा ज्याची त्याची निराळी असते, तेव्हा ‘आम्ही नाही, ते’ अशी टोलवाटोलवी व्हायच्या आधी त्यांचे कागद काढून ठेव. फिरता तंत्रज्ञ घरी बोलावून खर्च कंपनीकडून मागता येतो, पण आधी लेखी मंजुरी घेतली असेल तरच.

कायद्याचं थोडक्यात. लेमन लॉ, म्हणजे पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीबद्दल कंपनीला जबाबदार धरणारा कायदा, अनेक राज्यांत मोटारींसाठी आहे आणि मागून ओढायच्या ट्रेलरला तो लागत नाही. तुमचं नशीब की टेक्सास त्यात नाही. तिथे असे ट्रेलरही येतात, आणि तक्रार राज्याच्या मोटर व्हेइकल्स खात्याकडे ३५ डॉलर भरून करता येते. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकलेली, असे तिथले निकष आहेत. जिवाला धोका असणाऱ्या दोषाला कमी फेऱ्या पुरतात. त्याआधी कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. डीलरला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं धरू नकोस. तुमची तिसरी फेरी झाली आहे, म्हणजे आता पुढचा प्रत्येक कागद मोजला जाणार. प्रकरण लेमनच्या निकषात बसलं नाही तरी वॉरंटीचं काम करून घेण्यासाठी त्याच खात्याकडे वेगळी तक्रार करता येते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. सगळ्याच्या वर १९७५ चा मॅग्नसन-मॉस हा वॉरंटीचा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली ग्राहक जिंकला तर न्यायालय त्याच्या वकिलाचा खर्च कंपनीवर टाकू शकतं, म्हणून कंपन्या वकिलाच्या पत्राला उत्तर देतात. पण वॉरंटीची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाच. कुठल्या राज्यात दावा लावायचा, किती मुदतीत, हे तिथे बारीक अक्षरात असतं. वर्षभर त्यातच राहणाऱ्यांना आणि भाड्याने देणाऱ्यांना वॉरंटी नाकारणारी कलमंही तिथेच.

वॉरंटीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने मांड. ती संपण्याच्या चांगलं महिनाभर आधी कंपनीला सर्टिफाइड मेलने पत्र टाक: न सुटलेले दोष, प्रत्येकाच्या फेऱ्या, तारखा, सोबत फोटो. टेक्सासमध्ये मुदतीत कळवलेला दोष मुदत संपल्यावरही त्यांनाच दुरुस्त करावा लागतो. लेमनची तक्रार मात्र वॉरंटी संपणं किंवा गाडी ताब्यात आल्याला २४ महिने अथवा २४,००० मैल होणं, यातलं जे आधी घडेल त्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकायची. तेवढ्यात हे भिजत घोंगडं मार्गी लागलं तर उत्तम. पत्राचा मसुदा आधी मला पाठव. तुझा राग मी काढून टाकीन आणि तारखा वाढवीन.

तोवर ट्रेलरवर ताडपत्री टाका, आत पंखा लावून भिंत सुकवा आणि दोन्हीचे फोटो काढा, नाहीतर उद्या म्हणतील मालकानेच हयगय केली. वादातल्या जागेला मात्र स्वतः कायमचं काही करू नका, त्याचंही खापर तुमच्यावरच फुटेल. जावईबापूंना म्हणावं, शिडी लावून एकट्याने छतावर चढू नका, आणि गॅरेजमधली सिलिकॉनची नळी शेजाऱ्याला देऊन टाका. मी त्यांना ओळखते.

तुझी,
मावशी