किनारीचा ठसा आणि कारागिराचे अर्थकारण

भांडवल म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे कारखाने, यंत्रे आणि कर्जे येतात. हस्तव्यवसायातील भांडवल मात्र पुष्कळदा मुठीत मावते. चामड्यावर किनार उठविण्याचा धातूचा ठसा हे त्याचे बोलके उदाहरण होय. या ठशाचे माप कसे निवडावे, हा प्रश्न वरकरणी केवळ कलेचा वाटतो. प्रत्यक्षात उत्पादकता, जोखीम आणि मूल्यवृद्धी या तिन्ही संकल्पना त्यात एकत्र येतात.

पार्श्वभूमी

पश्चिम बंगालमधील शांतिनिकेतनची चर्मकला सर्वपरिचित आहे. रथींद्रनाथ टागोर व प्रतिमादेवी यांच्या प्रयत्नांतून ती तेथे रुजली आणि १९२२ मध्ये स्थापन झालेल्या श्रीनिकेतनच्या ग्रामीण कार्यामुळे आसपासच्या कारागिरांपर्यंत पोहोचली. शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. यासंबंधीचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, हे परीक्षार्थींनी लक्षात ठेवावे.

उठावाच्या नक्षीसाठी वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे वापरतात. ते ओलसर असताना ठसा घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. क्रोमने कमावलेले चामडे लवचिक असल्याने त्यावरील ठसा तितका टिकत नाही.

मापाचे गणित

समजा, एका पाकिटावर कोपऱ्यांतील फुलांची जागा सोडून किनारीची लांब बाजू १८४ मिमी आणि आखूड बाजू ९६ मिमी आहे. कारागिराजवळ ४, ८, १२ व १६ मिमी लांबीचे ठसे आहेत.

४ मिमीचा ठसा दोन्ही बाजूंना अचूक बसतो. परंतु चारही बाजू मिळून १४० ठोके लागतात. ८ मिमीचाही अचूक बसतो आणि ७० ठोक्यांत काम होते. १२ मिमीचा ठसा आखूड बाजूला जुळतो, पण लांब बाजूला ४ मिमी जागा उरते. ठसे सुट्या फुलांचे असतील, तर ही जागा १५ ठशांत थोडी थोडी वाटता येते. नक्षी सलग वेलीची असेल, तर मात्र सांधे उघडे पडतात. १६ मिमीच्या ठशाने ठोके आणखी कमी होतात. परंतु लांब बाजूला अर्ध्या ठशाएवढी, म्हणजे ८ मिमी जागा उरते आणि ती लपविणे अवघड होते.

याचा अर्थ असा की, मोठा ठसा श्रम वाचवितो, तर लहान ठसा जोखीम कमी करतो. शिवाय किनारीने मधल्या नक्षीवर मात करू नये, हाही दंडक आहे. बारीक वेलबुट्टीभोवती रुंद किनार जड दिसते. ओले चामडे ठोक्यासरशी किंचित ताणले जाते. म्हणून त्याच चामड्याच्या तुकड्यावर सलग दहा ठसे मारून प्रत्यक्ष लांबी मोजणे आणि त्यानुसार हिशेब करणे श्रेयस्कर.

जोखीम कोणाची?

चामड्यावरील ठसा पुसता येत नाही. त्यामुळे सत्तराव्या ठोक्यातील चूक आधीच्या ६९ ठोक्यांचे श्रमही वाया घालविते. जेथे नगावर मजुरी मिळते, तेथे नाकारलेल्या नगाचे नुकसान बहुधा कारागिरालाच सोसावे लागते. ज्याच्याजवळ भांडवल सर्वांत कमी, त्याच्यावरच जोखीम सर्वांत अधिक, ही असंघटित क्षेत्रातील मूलभूत विसंगती येथेही दिसते.

उपाय नव्या ठशातच असतो असे नाही. वरील पाकिटाची लांब बाजू १८४ ऐवजी १९२ मिमी ठेवली, तर ४, ८, १२ व १६ मिमी हे चारही ठसे दोन्ही बाजूंना पूर्ण बसतात. कारण १९२ व ९६ या दोन्ही संख्यांना ४८ ने भाग जातो आणि ४८ हा या चारही मापांचा लघुतम साधारण विभाज्य आहे. ८ मिमी अधिक चामडे देऊन कारागिराला चार पर्याय मिळतात. म्हणूनच वस्तूचे माप ठरविताना ठसा हाताळणाऱ्याचा सल्ला घेतला गेला पाहिजे.

धोरणात्मक दिशा

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकार व पादत्राणे कारागिरांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजदराने दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. तथापि, अवजार देणे आणि अवजाराचा हिशेब शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समूह विकासातील सामाईक सुविधा केंद्रांत विविध मापांचे ठसे उपलब्ध झाले, तर प्रत्येकाला सर्व ठसे विकत घ्यावे लागणार नाहीत. त्यास प्रमाणित मापांची आणि प्रशिक्षणाची जोड मिळाल्यास कारागिराच्या कौशल्याचे मोल खऱ्या अर्थाने त्याच्या पदरात पडेल.