वर्गणी भरायची तर गाड्यांच्या कोणत्या मासिकाची?

प्रश्न : आमच्याकडे २०१६ ची वॅगन आर आहे. वर्ष-दीड वर्षात बदलायचा विचार आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असून तिला गाड्यांचं फार वेड. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून आम्ही दोघंही गोंधळलो आहोत. तिथे प्रत्येकाला प्रत्येक गाडी चांगलीच वाटते. म्हणून एका मासिकाची वर्षभराची वर्गणी भरायचं ठरवलं आहे. एकच, दोन परवडणार नाहीत. कोणतं घ्यावं? ही मासिकंही गाड्यांच्या जाहिरातींवरच चालतात, मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि असं मासिक मराठीत का दिसत नाही?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बाप-लेकीत एकच अंक फिरणार असेल तर ‘ऑटोकार इंडिया’पासून सुरुवात करा, असं मी सांगेन. पण केवळ माझ्या शब्दावर पैसे भरू नका. तुमच्या हाताशी माझ्यापेक्षा चांगली कसोटी आहे, आणि ती तुमच्या दारात उभी आहे.

जी गाडी तुम्ही अजून चालवलेली नाही तिच्याबद्दल मासिकाने काय लिहिलंय हे वाचून मासिकाची पारख होत नाही. जी गाडी तुम्हाला अंतर्बाह्य माहीत आहे तिच्याबद्दल ते काय म्हणालं होतं, ते वाचा. तुमच्या वॅगन आरची पिढी भारतात २०१० साली आली आणि २०१९ च्या जानेवारीत तिची जागा नव्या पिढीने घेतली. म्हणजे तिची पहिली परीक्षणं २०१० च्या उन्हाळ्यातल्या अंकांत सापडतील. रद्दीच्या दुकानांत, मुलीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. छापील अंक नाहीच मिळाला तर बहुतेक मासिकांची जुनी परीक्षणं त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. दोन-तीन मासिकांची परीक्षणं समोर ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा.

आता तुम्हाला काय माहीत आहे ते आठवा. तीन सिलिंडरचं ते ९९८ सीसीचं इंजिन नवी पेठेच्या गर्दीत चपळ वाटतं. पण पाच जण, डिकीत सामान आणि एसी चालू अशा थाटात तुळजापूरचा घाट आला, की गिअर उतरवावाच लागतो. बसण्याची जागा उंच असल्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत-बाहेर करणं सोपं जातं. त्याच उंचीमुळे हायवेवर शेजारून ट्रक सुसाट गेला की गाडी हलते. गाडी उभी असताना इंजिनाची थरथर सीटपर्यंत येते. हे सगळं ज्या परीक्षणात गाडी बाजारात आली त्याच महिन्यात लिहिलेलं सापडेल, त्या मासिकाला डोळे आहेत असं समजा. ज्यात ‘आकर्षक डॅशबोर्ड’ आणि ‘कुटुंबासाठी उत्तम’ एवढंच असेल, ते खाली ठेवा. आठ-नऊ वर्षांच्या अनुभवावर तुम्ही केलेली ही तपासणी कोणत्याही तज्ज्ञाच्या शिफारशीपेक्षा वजनदार आहे.

दुसरं बघायचं ते आकड्यांकडे. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ कंपनीच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो बहुधा पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेला असतो. ही संस्था १९६६ पासून काम करते आहे आणि तिची मोजणी चोख असते. पण ती मोजणी प्रयोगशाळेत रोलरवर गाडी उभी करून, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने होते. त्या रोलरवर सात रस्त्याचा सिग्नल नसतो आणि मे महिन्यातलं आपलं त्रेचाळीस अंशांचं ऊनही नसतं. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी, घरखर्चाचा अंदाज बांधायला नाही. चांगलं मासिक शहरातला आणि हायवेवरचा आकडा वेगवेगळा काढून छापतं आणि तो कसा काढला हेही सांगतं.

ऑटोकार इंडियाला मी पहिली पसंती देतो ती मुख्यतः या मोजमापासाठी. उपग्रहाच्या आधाराने वेग नोंदवणारं उपकरण लावून ते शून्य ते शंभरचा वेळ काढतात, तशीच आणखी एक नोंद ठेवतात : ताशी वीसवरून ऐंशीवर आणि चाळीसवरून शंभरवर जायला गाडी किती सेकंद घेते. शून्य ते शंभर हा तरुणांच्या गप्पांचा विषय. तुमच्या उपयोगाचा आकडा वीस ते ऐंशीचा आहे. गाळप हंगामात अक्कलकोट रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकून ओव्हरटेक करायची वेळ येते, तेव्हा समोरून येणारी एसटी आणि तुम्ही यांच्यात जे काही सेकंद असतात त्यांचा हिशेब त्या एका ओळीत असतो. ऐंशीच्या वेगातून ब्रेक मारल्यावर गाडी किती मीटरवर थांबली, तो आकडाही वाचायला विसरू नका.

आता जाहिरातींचा प्रश्न. शंका रास्त आहे. बहुतेक मासिकांत पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत गाड्यांच्या कंपन्यांच्याच जाहिराती असतात. परीक्षणासाठी गाडी कंपनीच देते, नव्या गाडीच्या अनावरणाला पत्रकारांना उदयपूर-गोव्याकडे नेऊन आणते ती कंपनीच. खाल्ल्या मिठाला जागायचा मोह तिथे असतोच. जगात याला पर्याय उभे राहिले आहेत. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून जाहिरात न घेता चालतं आणि परीक्षणाची गाडी गिऱ्हाइकासारखी बाजारातून विकत घेतं. जर्मनीत १९६४ साली सरकारनेच ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही वस्तूंची परीक्षा करणारी संस्था काढली. आपल्याकडे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने ग्राहक चळवळ मराठी घरांत नेली, ‘ग्राहक तितुका मेळवावा’ हे मासिक चालवलं. पण दर महिन्याला नव्या मोटारी विकत घेऊन तपासण्याएवढं बळ इथल्या कोणत्याही ग्राहक संघटनेजवळ नाही.

तेव्हा जाहिराती आहेत हे धरूनच पारख करायची. त्यासाठी अंकातली एक जागा फार बोलकी असते : दीर्घकाळ चालवलेल्या गाड्यांची पानं. नवी गाडी दोन दिवस चालवून लिहिणं वेगळं, आणि तीच गाडी संपादकीय विभागात अनेक महिने, हजारो किलोमीटर वापरून लिहिणं वेगळं. क्लच जड झाला, दाराच्या रबरातून पावसाचं पाणी आलं, सर्व्हिसिंगचं बिल अंदाजापेक्षा जास्त आलं, हे त्या पानांवरच उघड होतं. ज्या मासिकात ही पानं नेमाने येतात आणि त्यात तक्रारींना जागा मिळते, ते मासिक गिऱ्हाइकाच्या बाजूने उभं आहे असं मानायला हरकत नाही. मार्चचा अंक हाती आला तर आणखी एक पान शोधा. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनी घालून दिलेली प्रथा आहे की फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापायचं. ‘फॉर्म ४’ असं त्याचं नाव. संपादक, मुद्रक, प्रकाशक कोण आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा कोणाचा, हे बारीक टाइपात तिथे असतं. आपण कोणाच्या हातात पैसे देतो आहोत ते कळतं.

सुरक्षिततेची कसोटी मी सगळ्यांत वर ठेवीन. २०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या : अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय टेन आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या होत्या त्या. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि भारतात बनलेली गाडीही इतकी भक्कम असू शकते हे सिद्ध झालं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी लागू झाली आहे. आता कोणताही जुना अंक उघडा आणि २०१४ च्या आधी ते मासिक एअरबॅगबद्दल काय लिहीत होतं ते बघा. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये एअरबॅग नाही म्हणून ज्यांनी तेव्हाही गुण कापले, त्यांच्या मताला आज किंमत द्या. पावसाळी रात्री पुण्याहून अडीचशे किलोमीटर गाडी चालवत परत येणाऱ्या कुटुंबासाठी गाडीला सनरूफ आहे की नाही हा मुद्दाच नसतो.

बाकीच्या मासिकांबद्दल थोडक्यात. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ चं, ‘ऑटोकार इंडिया’ त्याच्यानंतर वर्षभराने, १९९९ च्या सप्टेंबरात, होर्मझ्द सोराबजी यांच्या संपादनाखाली निघालं. त्याचं मूळ ब्रिटिश नियतकालिक १८९५ पासूनचं, जगातलं सर्वांत जुनं मोटार नियतकालिक म्हणून ओळखलं जाणारं. ‘कार इंडिया’ २००५ पासूनचं. ‘इव्हो इंडिया’ २०१३ पासून सिरीष चंद्रन यांच्या संपादनाखाली पुण्यातून निघतं आणि त्याचा जीव गाडी चालवण्याच्या आनंदात आहे : स्टिअरिंग हाताशी कसं बोलतं, वळणावर गाडी कशी बसते. तुमची मुलगी त्यावर खूश होईल. पण तुम्हाला गाडी निवडायची असल्याने वर्षाची वर्गणी तिकडे भरू नका, अधूनमधून एखादा अंक स्टॉलवरून घ्या.

मुलीबद्दल मात्र मला वेगळं सांगायचं आहे, कारण सोलापूरच्या मुलीने ही मासिकं इतरांपेक्षा बारकाईने वाचावीत असं मला मनापासून वाटतं. परीक्षणाच्या शेवटी तांत्रिक माहितीचा तक्ता असतो. बहुतेक वाचक तो ओलांडून जातात. त्यात ‘डीओएचसी’ अशी चार अक्षरं दिसतील. अर्थ एवढाच की इंजिनाच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आहेत. कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृती उंचवटे असलेला दांडा. तो फिरतो तसे हे उंचवटे झडपा दाबून उघडतात, आणि इंजिनाचा श्वास त्यावर चालतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. इतक्या घासाघाशीत टिकायचं तर उंचवट्यांचा पृष्ठभाग अतिशय कठीण हवा, पण दांडा ठिसूळ होऊन चालत नाही. म्हणून ओतकामाच्या वेळी साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. तिथलं बीड झपाट्याने थंड होऊन कडक होतं आणि गाभा संथपणे निवून चिवट राहतो. हे काम जगाच्या बाजारासाठी सोलापुरात होतं. यतीन शाह यांनी १९९२ साली सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतून देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. चादरी आणि टॉवेलांचं गाव म्हणून आपली ओळख सांगताना हे सांगायचं राहून जातं. तो तक्ता वाचणाऱ्या मुलीला हे माहीत हवं की त्यातल्या एका ओळीमागचं काम तिच्या घरापासून काही किलोमीटरवर होतं.

आणि म्हणूनच तुमचा शेवटचा प्रश्न मला सतावतो. तमिळमध्ये विकटन समूहाचं ‘मोटर विकटन’ आहे, मल्याळममध्ये मनोरमाचं ‘फास्ट ट्रॅक’ आहे. मराठीत यंत्रांवर वाचायची हौस नवी नाही. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनच निघालं. मोटारींवरचं मराठी लेखन मात्र मुख्यतः वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत राहिलं. ‘लोकसत्ता’तलं ‘कोणती कार घेऊ?’ हे सदर अनेकांनी कात्रणं काढून जपलं असेल. माझ्या मते अडचण वाचकांची नसून जाहिरातींची आहे : महाग गाडी घेणारा इंग्रजीच वाचतो असं जाहिरात देणारे धरून चालतात. चाकण, रांजणगाव, नाशिक, संभाजीनगर इथे गाड्या बनवणारे हात मराठी, गल्लोगल्लीची गॅरेजं चालवणारे मराठी, आणि ब्रेकच्या अंतरावरचं परीक्षण मात्र त्यांच्या भाषेत नाही, हे बदलायला हवं. तोवर एक करा. दर महिन्याला एक परीक्षण मुलीला मराठीत सांगायला लावा, तक्त्यासकट. तिचंही ज्ञान पक्कं होईल आणि तुम्हाला गाडी कळेल.

वर्गणीचं आता. तीन वर्षांची सवलत कितीही गोड वाटली तरी एकाच वर्षाची भरा. बॅग किंवा शाम्पूच्या भेटीकडे बघून निर्णय घेऊ नका. अंक साध्या टपालाने येत असेल तर कधीमधी गहाळ होतो. थोडे जास्त पैसे भरून कुरिअरची सोय असल्यास ती घ्या, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत अंक आला नाही तर लगेच कळवा, नंतर कोणी दाद देत नाही. वर्षाखेरीच्या पुरस्कारांच्या अंकाला फार महत्त्व देऊ नका, त्यात झगमगाट जास्त असतो. निवड दोन-तीन गाड्यांवर आली की शोरूमला फोन करून टेस्ट ड्राइव्हची वेळ एप्रिलमधली दुपारी दोनची मागा. गाडी आधी तासभर उन्हात उभी ठेवायला सांगा, घरची चार माणसं बसवा आणि मग एसी लावा. बरीचशी मासिकं मुंबई-पुण्याची आहेत, तिथे असं ऊन पडत नाही; मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला गार वारा किती मिनिटांनी लागला, हे मात्र घड्याळ लावून तुम्हालाच मोजावं लागेल.