पावसाचा थेंब आणि रडारचा अंदाज

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका हा माणगंगेच्या खोऱ्यातील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला प्रदेश होय. पश्चिमेस दीडशे किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. आटपाडीच्या वाट्यास त्याचा दहावा भागही येत नाही. जेथे पाऊस मुळातच तुटपुंजा, तेथे त्याच्या मोजणीतील चूक अधिक महाग पडते. पेरणीचा निर्णय, डाळिंबाचा फळपीक विमा, टंचाईची पाहणी या साऱ्यांचा आधार पावसाचा आकडा हाच असतो. अलीकडे रडारची रंगीत चित्रे भ्रमणध्वनीवर सहज दिसू लागल्यामुळे ‘रडारवर तर आमच्या गावावर जोराचा पाऊस दिसत होता, मग मंडळाच्या नोंदीत तो का नाही?’ असा प्रश्न ग्रामसभांतून विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पावसाच्या थेंबात दडलेले आहे.

रडार पाऊस मोजत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ते रेडिओलहरी सोडते आणि थेंबांवर आदळून परत आलेल्या लहरींची तीव्रता मोजते. पावसाचा आकडा हा त्यावरून गणिताने काढलेला अंदाज असतो. अडचण अशी की, थेंबातील पाणी त्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढते, परंतु त्यावरून परतणारी लहर व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते.

एक उदाहरण घेऊ. एक मिलिमीटर व्यासाचे ६४ थेंब आणि चार मिलिमीटर व्यासाचा एकच थेंब यांत पाणी अगदी सारखे असते. पण त्या एका टपोऱ्या थेंबाचे परावर्तन ६४ बारीक थेंबांच्या एकत्रित परावर्तनाच्या ६४ पट भरते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो, तर लहान थेंब सुमारे चार मीटर वेगाने. म्हणजे हवेत पाणी तेवढेच असूनही टपोऱ्या थेंबांचा पाऊस जमिनीवर सव्वादोन पट वेगाने पडेल. रडारचे नेहमीचे सूत्र मात्र तो तेरा पटींहून अधिक असल्याचे सांगेल.

हे नेहमीचे सूत्र कोठून आले? कॅनडातील मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये पावसात लहानमोठ्या थेंबांची वाटणी कशी असते याचे गणित मांडले. त्यावरून परावर्तनाचा अंक म्हणजे २०० गुणिले ताशी पावसाचा १.६ वा घात, हे सूत्र रूढ झाले. पुढे अमेरिकेत गडगडाटी पावसासाठी ३०० व १.४ आणि उष्ण प्रदेशातील पावसासाठी २५० व १.२ असे आकडे वापरात आले. पन्नास डेसिबल इतके परावर्तन आले, तर पहिल्या सूत्राने ताशी ४९ मिलिमीटर, दुसऱ्याने ६३ आणि तिसऱ्याने तब्बल १४७ मिलिमीटर पाऊस निघतो. यंत्र एक, नोंद एक आणि उत्तरे तीन! यांत खोटे कोणतेच नाही. प्रत्येक सूत्र आपापल्या प्रकारच्या पावसासाठी बेतलेले आहे.

आपल्या माणसांना हा भेद नवा नाही. भुरभुर, बुरंगाट, झिमझिम, टपोऱ्या थेंबांचा वळीव हे शब्द थेंबांच्या आकाराचेच वर्गीकरण आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वर येथे २०१२ पासून मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. तेथे थेंबांचा आकार व संख्या यंत्राने नोंदली जाते. घाटमाथ्यावरील ढग पुष्कळदा उथळ असतात व त्यांच्या पावसात बारीक थेंबांचा भरणा असतो, तर डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूस मोठ्या थेंबांचे प्रमाण वाढते, असे अशा अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून एकच सूत्र दोन्हीकडे लावल्यास घाटावर पाऊस कमी आणि आटपाडीकडे जास्त दिसण्याकडे कल राहतो. वळवात गारा असतील, तर आकडा आणखी फुगतो. डाळिंबाच्या बागाईतदारांना या गारांची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही.

दुसरे कारण अंतराचे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा झोत दूर जाता जाता जमिनीपासून वर जातो. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला झोत शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. तेथे दिसलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेतून उतरताना काही अंशी वाटेतच विरून जातो. आभाळातून लोंबणाऱ्या आणि जमिनीला न टेकणाऱ्या सरी माणदेशात कोणी पाहिल्या नाहीत?

मग पर्जन्यमापकावरच विसंबावे काय? त्याचीही मर्यादा आहे. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचे एक मापक शंभर चौरस किलोमीटरच्या मंडळाचे प्रतिनिधित्व करते, तेव्हा ते त्या क्षेत्राचा पाचशे कोटींवा भाग मोजत असते. वळीव एका शिवारात पडतो आणि शेजारचे कोरडे राहते. पाऊस कोठे व केव्हा पडला हे रडार चांगले सांगते. किती पडला हे मापक चांगले सांगते. म्हणून जाणकार मापकाच्या नोंदीवरून रडारचा अंदाज दुरुस्त करून घेतात. आडव्या व उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या नव्या रडारांमुळे थेंबाचा आकारही अजमावता येतो, कारण मोठा थेंब पडताना चपटा होतो. तरीही तुलनेसाठी जमिनीवरील खरी नोंद लागतेच.

यास्तव मंडळातील मापकाची जागा पंचायतीने एकदा पाहून यावी. जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ते आहे काय, त्याचे तोंड समतल आहे काय, नरसाळ्यात पालापाचोळा वा घरटे नाही ना, हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही.

शाळांसाठी एक प्रयोगही सुचवावासा वाटतो. अमेरिकेतील विल्सन बेंटली यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत आहे. परातीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा चाळलेल्या मैद्याचा थर घ्यावा आणि पावसात दोन सेकंद उघडा धरावा. थेंब पडेल तेथे गोळी बनते. मैदा वाळल्यावर चाळून गोळ्या वेगळ्या कराव्यात व आकारानुसार मोजाव्यात. जूनमधील वळवाच्या, श्रावणातील भुरभुरीच्या आणि परतीच्या पावसाच्या गोळ्या निरनिराळ्या बाटल्यांत तारीख घालून ठेवल्या, तर वर्षअखेर तिन्ही बाटल्या मुलांसमोर शेजारी शेजारी मांडता येतील.