साथीचा हिशेब आणि शितावरून भाताची परीक्षा

जांब समर्थ (ता. घनसावंगी) येथील एका वाचकांनी विचारले आहे, ‘कोरोनाच्या काळात संगणकावरून साथीचे आकडे सांगत. एवढ्या लोकांचा हिशेब होतो कसा? आणि झटपट केलेला हिशेब खरा कसा मानायचा?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र जरा सावकाश वाचावे.

२०२० साली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील शास्त्रज्ञांनी संगणकात चक्क शहरच वसवले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख. अशा हिशेबात प्रत्येक माणूस वेगळा धरतात. त्याचे घर, शाळा किंवा कामाची जागा, झोपडपट्टी की इमारत, लोकलचा प्रवास, सारे मांडायचे आणि रोज कोणाला लागण होईल ते काढायचे. टाळेबंदी उठवली तर काय, शाळा उघडल्या तर काय, हे पाहायचे तर हीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यात वेळ फार जातो, आणि साथ कोणासाठी थांबत नाही.

मग सोपी युक्ती सुचते. १ कोटीऐवजी १ लाखाचे शहर घ्यावे व उत्तर १०० ने गुणावे. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच! पण साथीला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. मोठ्या शहरात १०० रुग्णांपासून साथ सुरू झाली, तर त्याच प्रमाणात लहान शहराच्या वाट्याला एकच रुग्ण येतो. तो घरी पडून बरा झाला की साथ तिथेच संपली. तोच लग्नाच्या पंगतीत बसून आला, तर आकडा भलताच वर जातो. शंभर जण असले म्हणजे एकाचे कमी, दुसऱ्याचे जास्त, असे सरासरीत बसते. एकट्याचे तसे नाही.

प्रा. संदीप जुनेजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. लोकसंख्या कमी करायची, पण सुरुवातीचे रुग्ण १०० च ठेवायचे. आरंभी रुग्ण थोडे व निरोगी माणसे पुष्कळ असतात, म्हणून दोन्ही शहरांत रुग्ण सारख्याच वेगाने वाढतात. चमचाभर विरजण वाटीभर दुधात घाला किंवा पातेलेभर दुधात, वाटीतले दही आधी लागते एवढाच फरक. तसेच शेकडा एका माणसाला लागण होण्याची वेळ लहान शहरात आधी येते, मोठ्यात उशिरा. रुग्ण दर ३ दिवसांनी दुप्पट होत असतील, तर हे अंतर सुमारे २० दिवसांचे पडेल. म्हणून पहिल्या दिवसांचे आकडे न गुणता तसेच घ्यायचे. पुढचा आलेख २० दिवस पुढे सरकवून मग १०० ने गुणायचा. मोठ्या शहरात टाळेबंदी ४० व्या दिवशी असेल, तर लहान शहराचा हिशेब पहिल्यापासून पुन्हा चालवून ती २० व्या दिवशी लावायची. असे केले की उत्तर पूर्ण शहराच्या हिशेबाशी जवळजवळ जुळते आणि आकडेमोड कितीतरी कमी होते.

अर्थात, माणसे एकमेकांना किती भेटतात हेच चुकीचे धरले, तर सावकाश केलेला हिशेबही चुकणारच. संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.

आता आपल्या गावाचे पाहा. गावात एक-दोनच रुग्ण असतात तेव्हा साथ पसरेल की विझेल, हे त्या एक-दोघांच्या फिरण्यावर ठरते. गोवरात अंगावर पुरळ उठण्याच्या सुमारे ४ दिवस आधीपासून ते नंतर ४ दिवसांपर्यंत लागण होऊ शकते. आधीचे दिवस आपल्या हाती नसतात, नंतरचे असतात. त्या ४ दिवसांत मुलाला शाळेत, अंगणवाडीत किंवा लग्नाला नेऊ नये. ताप व पुरळ दिसताच आशाताईंना कळवावे आणि घरातील इतर मुलांची लस राहिली आहे का, तेही त्यांच्याकडून तपासून घ्यावे.